उसवलेले चौकोन

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा अपमान आपल्यापैकी कुणी मुद्दाम करत नाही. तो प्रेमाने केला जातो, जपून केला जातो, आणि बहुतेक वेळा त्या माणसाची पाठ वळल्यावर केला जातो. म्हणूनच त्याची कुठे तक्रारही करता येत नाही.

चेकरबाईंना हे कळलं ते स्वयंपाकघराच्या दारात. चहा झाला होता, कपबशा त्यांनी स्वतः धुऊन जाळीत पालथ्या घातल्या होत्या आणि त्या आपल्या खोलीत गेल्या होत्या. चष्मा ओट्यावरच राहिला म्हणून परत आल्या, तर सूनबाई त्याच कपबशा पुन्हा धूत होती. नळ अगदी बारीक सोडला होता, आवाज होऊ नये म्हणून. त्या बारीक धारेने चेकरबाईंच्या काळजाला घरं पडली. नळ धो-धो सोडून सूनबाई चार शब्द बोलली असती तर भांडता तरी आलं असतं! त्या चष्मा न घेताच मागे फिरल्या.

आता, ‘चेकरबाई’ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी सगळी उमर चेकर म्हणून काढली. शिवून आलेला प्रत्येक शर्ट ट्यूबलाइटखाली उलटासुलटा करायचा, टाका सुटला असेल तिथे बाणाचं छोटं स्टिकर लावायचं आणि तो पीस ज्या मुलीने शिवला तिच्याच मशीनवर परत पाठवायचा. त्यांच्या नजरेतून उसवलेली शिवण सुटली असं कधी झालं नाही. मुली त्यांना टरकून असत. मागे नावंही ठेवत, पण पगारवाढीच्या वेळी ‘बाई, आमचं काम कसं आहे ते साहेबांना सांगा ना’ म्हणून त्यांच्याच भोवती गोळा होत.

आणि अशा बाईने धुतलेला कप कुणीतरी परत धुवावा!

मग त्यांना एकेक दिसायला लागलं. कपड्यांच्या त्यांनी घातलेल्या घड्या कपाटात जाईपर्यंत बदललेल्या असत. त्यांनी खोचलेली चादर पुन्हा खोचली जाई. तोंडाने मात्र सगळे गोड. ‘आई, तुम्ही आता आराम करा.’ आराम! ऐन उमेदीत दोन मिनिटं पाठ टेकायला मिळाली नाही, आणि आता दिवसभर पाठ टेकायचीच नोकरी लागली होती. चेकरबाई खिडकीशी बसून समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या कपड्यांतल्या चुका काढू लागल्या. कामातून सुटलेल्या माणसाने यापेक्षा आणखी किती सुटावं?

अशात त्यांना वाचनालयातली मागची खोली सापडली. तिथे काही निवृत्त बायका आणि एक निवृत्त पोस्टमन जमून लोकरीचे चौकोन विणत. चौकोन जोडून पांघरुणं होत आणि ती मुलांच्या इस्पितळात जात. जी मुलं महिनोन्‌महिने तिथेच असतात, त्यांना इस्पितळाच्या पांढऱ्या चादरीखेरीज आपलं म्हणावं असं काहीतरी असावं, एवढाच त्यामागचा विचार. ग्रंथपालबाई खोली उघडून देत. लोकर कुणी ना कुणी आणून टाकी.

चेकरबाई पहिल्या दिवशी ‘बघून येऊ’ म्हणून गेल्या आणि पुढच्या खेपेला सगळ्यांच्या आधी जाऊन दाराशी उभ्या राहिल्या. विणकाम त्यांच्या हातचा मळ होता. चौकोन तपासणं, मापात बसवणं, जोडणं, हे काम आपोआप त्यांच्याकडे आलं. सगळे जण घरून चौकोन विणून आणत, त्या ते पिशवीत भरून नेत आणि घरी बसून जोडत. पुन्हा त्यांची सकाळ लवकर होऊ लागली. घरातली कपबशी कुणी किती वेळा धुते याकडे त्यांचं लक्षही जाईना. इस्पितळातल्या सिस्टर पहिलं पांघरूण हातात घेऊन म्हणाल्या, “अगंबाई, हे तर दुकानातून आणल्यासारखं दिसतंय!” त्या एका वाक्यावर चेकरबाई कितीतरी दिवस तरंगत होत्या.

त्या खोलीत एक मावशी येत. खरं तर त्या साऱ्या वस्तीच्याच मावशी. त्यांनी वर्षानुवर्षं पाळणाघर चालवलं होतं. आजूबाजूचे निम्मे बाप्ये त्यांच्या मांडीवर रडून मोठे झालेले. आता वय झालं होतं, पाठीला पोक आला होता, नजर तर पार अधू झाली होती. पण सुया हातात आल्या की मावशींचं तोंड आणि हात दोन्ही सुरू. “हा बघ, हा निळा. निळ्यावर दूध सांडलं की डाग दिसतो, पण पोरांना निळाच आवडतो. मला विचार!”

आणि मावशींचे चौकोन! काय सांगावं! एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळते. मध्येच टाका सुटून पडलेलं भोक. सुईत लोकर ओवायला दिसत नसे म्हणून शेवटचं टोक आत शिवून टाकण्याऐवजी त्या कोपऱ्यात दोन गाठी मारत आणि वर ऐटीत सांगत, “माझ्या चौकोनाला सुई लागत नाही, बरं का. गाठी चाचपल्या की समजायचं, मावशीचा आहे.”

चेकरबाईंनी पहिला तसा चौकोन घरी नेला आणि ट्यूबलाइटखाली धरला. सवयीने बोट स्टिकर शोधायला लागलं. स्टिकर कुठलं असायला? मावशींना सांगावं, तर त्या वयाच्या बाईला काय सांगायचं? त्यांनी क्षणभर विचार केला आणि कोपऱ्यातल्या गाठी कापल्या. चौकोन सर्रकन उसवत गेला. वळ्या पडलेली लोकर त्यांनी वाफेवर धरून सरळ केली आणि त्याच लोकरीचा नवा, घट्ट, चारही बाजू सारख्या असलेला चौकोन विणला. पांघरुणात तो असा बसला की बस्स! पुढच्या वेळी तर विचारही करावा लागला नाही.

एकदा सूनबाईने त्यांना उसवताना पाहिलं. “आई, चांगलं विणलेलं का उसवताय?”

“चांगलं कुठलं? आमच्या त्या मावशींचं आहे. बिचाऱ्यांना दिसत नाही.”

“मग त्यांना सांगत का नाही?”

“वाईट वाटेल गं त्यांना. त्यापेक्षा गुपचूप करून टाकलेलं बरं. त्यांचंही समाधान, कामही नीट.”

सूनबाईने त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. काहीतरी बोलावं की नाही अशी ती घुटमळली. मग “हो, ते बरोबरच आहे” असं म्हणून आत निघून गेली. चेकरबाईंनी मान वर केली नाही. त्या टाके मोजत होत्या.

वाचकहो, तुम्हाला दिसतंय ते चेकरबाईंना दिसत नव्हतं. दुसऱ्याच्या शिवणीतला दोष ट्यूबलाइटखाली दिसतो. आपल्या स्वतःच्या वागण्यावर ती ट्यूबलाइट कोण धरणार?

पुढे इस्पितळात पांघरुणं देण्याचा एक दिवस आला. दर वेळी पोस्टमनदादा आणि चेकरबाई जाऊन देऊन येत. या वेळी मावशी हट्टालाच पेटल्या. “मला न्या. मला माझी बघायची आहेत.” रिक्षातून सांभाळून त्यांना नेलं. वॉर्डाबाहेर लांब टेबलावर पांघरुणं रचली होती, नवी काही आणि आधी दिलेली, धुऊन आलेली काही. मावशी खुर्चीवर बसल्या, पहिलं पांघरूण त्यांनी मांडीवर ओढून घेतलं आणि हळूहळू एकेका चौकोनाचा कोपरा चाचपायला लागल्या.

चेकरबाईंना कापलेल्या गाठी आठवल्या.

मावशींनी ते पांघरूण बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. बोटं पुन्हा कोपऱ्यांवरून फिरू लागली, न चुकता, एकही कोपरा न सोडता. सिस्टर कौतुकाने बघत होत्या, त्यांना वाटलं आजी मायेने हात फिरवताहेत. तिसऱ्याच्या वेळी मावशींची बोटं मंदावली.

“माझे कुठे लावलेस गं?” त्यांनी विचारलं.

“तुमचे... मधोमध लागलेत, मावशी. अगदी मधोमध,” चेकरबाई बोलून गेल्या.

मावशींनी मधल्या चौकोनावर तळवा ठेवला. तो घट्ट होता, सरळ होता, गुळगुळीत होता. चारही कोपरे त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले.

“हो का? छान झालाय,” त्या म्हणाल्या आणि पांघरुणाची नीट घडी घातली. परतीच्या वाटेवर रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मावशी आणि गप्प! पोस्टमनदादा म्हणाले, दमल्या असतील. चेकरबाई रिक्षाच्या बाहेर बघत राहिल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

पुढच्या बैठकीला मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रंथपालबाईंनी फोन केला तर मावशींच्या सुनेने सांगितलं की तब्येत ठीक आहे, पण विणकाम नको म्हणतात, नुसत्या पडून असतात, जेवणही नावालाच. खोलीत सगळे हळहळले. “वयच झालं आता,” कुणीतरी म्हणालं. चेकरबाईंना ते ऐकवेना. वय एका रिक्षाच्या फेरीत होत नाही, हे त्या एकट्यांना माहीत होतं. लोकरीची पिशवी हातात घ्यायची त्यांना शरम वाटू लागली.

शेवटी एका दुपारी त्या मावशींच्या घरी गेल्या. मावशी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सुया उशाला होत्या, पण लोकरीत खुपसून, गुंडाळून ठेवलेल्या.

“मावशी, मी आलेय.”

“कळलं. तुझ्या चपलांचा आवाज ओळखते मी.” मावशी उठून बसल्या. “किती उसवलेस?”

चेकरबाईंनी येताना रस्ताभर वाक्यं जुळवली होती. मुलांना गाठी टोचतील, पांघरूण टिकायला हवं, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना.

“सगळे,” त्या म्हणाल्या.

“सगळे!” मावशींचा आवाज चिरकला. “अगं, एक तरी ठेवायचास! मी घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, तिकडे पोरं माझ्या चौकोनाखाली झोपतात म्हणून. खोटारडी ठरले की गं मी!”

“मावशी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी...”

“वाईट वाटलं असतं! वाटू दे की! वाईट वाटायचा हक्कही राहिला नाही का मला?” मावशी आता पुरत्या चिडल्या होत्या. “तू सांगितलं असतंस तर मी सुधारलं असतं, नाहीतर तुझ्याशी कडाकडा भांडले असते. दोन्ही चाललं असतं. बरं, मला एक सांग. कारखान्यात चुकलेला शर्ट दिसला की काय करायचीस?”

“बाण लावायचे. ज्या मुलीचा पीस, तिच्याकडे परत.”

“तू स्वतः शिवायचीस?”

“छे! कधीच नाही. जिचा तिनेच दुरुस्त करायचा.”

“मग माझा मला परत का नाही पाठवलास?”

उत्तर चेकरबाईंना माहीत होतं, म्हणूनच ते देता येत नव्हतं. कारखान्यातली कालची आलेली पोरगीसुद्धा चूक दुरुस्त करू शकेल असा त्यांना भरवसा होता. मावशींबद्दल नव्हता. त्यांनी मावशींना मनातल्या मनात कधीच कामावरून काढून टाकलं होतं, आणि वर त्यांना कळूही दिलं नव्हतं.

“मला तू कामातली धरलंच नाहीस,” मावशी हळूच म्हणाल्या. “लहान पोराच्या हातात रिकामी वाटी-चमचा देतात ना, खेळत बसावं म्हणून? मी पाळणाघरात खूप दिल्यात. तशी लोकर दिलीस मला.”

चेकरबाई रडू लागल्या. मावशींनी त्यांना जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. एवढंच म्हणाल्या, “आज जा. मला अजून राग आहे.”

चेकरबाई घरी आल्या तेव्हा स्वयंपाकघरात नळाची बारीक धार वाजत होती. या वेळी त्या मागे फिरल्या नाहीत. सरळ आत गेल्या. सूनबाई दचकली, तिच्या हातातला कप ओट्यावर आपटला.

“आई, मी नुसतं... विसळत होते.”

“दाखव. काय राहिलं होतं त्यात?”

सूनबाईचा चेहरा पडला. तिने दुसरा कप उचलून उजेडात धरला. “तळाशी. चहाचा डाग राहतो कडेने.”

चेकरबाईंनी चष्मा लावून पाहिलं. काढून पाहिलं. कप खिडकीशी नेला. त्यांना काहीच दिसलं नाही. ज्या नजरेतून एक टाका सुटत नसे, तिला हातातल्या कपातला डाग दिसत नव्हता! म्हणजे हा अपमान नव्हता तर. डाग खरोखरच होता, आणि तो त्यांच्याशिवाय घरातल्या सगळ्यांना दिसत होता.

“मला सांगितलं का नाहीस गं?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून,” सूनबाई म्हणाली. मग तिलाच काहीतरी आठवलं आणि ती वरमली. “तुम्हीच नाही का म्हणाला होतात त्या दिवशी...”

“म्हणाले होते. चुकले होते.” चेकरबाई स्टुलावर बसल्या. “तुझा राग धरून बसले होते मी इतके दिवस. आणि स्वतः एका म्हातारीच्या बाबतीत तेच केलं, तुझ्यापेक्षा वाईट केलं. तू नुसता कप धुतलास, मी तिचं विणलेलं उसवलं.” त्यांनी जाळीतले कप पुन्हा भांड्यांच्या टबात ठेवले. “आता असं कर, डाग राहिला की मला हाक मार. मीच धुणार. आणि इथे वर एक चांगला दिवा लावायला सांग तुझ्या नवऱ्याला.”

“मी ओरडले तर चालेल?” सूनबाईने डोळे पुसत विचारलं.

“ओरड. मीही ओरडेन.”

त्यानंतर चेकरबाई मावशींकडे पुन्हा गेल्या, आणि आणखी एकदा गेल्या. खोलीतल्या सगळ्यांसमोर त्यांनी आपण काय केलं ते सांगितलं. पोस्टमनदादांनी मान फिरवली, एका बाईने तर “शोभलं का तुम्हाला?” असं तोंडावर विचारलं. चेकरबाईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. जाडी लोकर आणि जाड्या सुया त्यांनी मावशींच्या उशाशी ठेवल्या, कारण जाडे टाके बोटांना मोजता येतात. आणि कारखान्यातल्या बाणाच्या जागी एक नवी रीत काढली. चौकोनात जिथे चूक असेल तिथे लाल लोकरीचा छोटा तुकडा बांधायचा, बोटाला लागेल असा, आणि चौकोन ज्याचा त्याला परत करायचा. मग कुणी मावशी असो, नाहीतर ग्रंथपालबाई.

मावशी परत आल्या, पण फुगून. त्यांचा पहिलाच जाडा चौकोन चेकरबाईंनी सगळ्यांदेखत परत केला. “मावशी, इथे टाका सुटलाय.” खोलीतल्या सगळ्यांच्या सुया थांबल्या.

“कुठे? माझं बोट धर आणि दाखव.” बोट लाल तुकड्यावर आलं. मावशींनी तिथपर्यंत स्वतः उसवलं, पुटपुटत, चेकरबाईंच्या नावाने बोटं मोडत, आणि पुन्हा विणलं. भोक गेलं. एक बाजू थोडी तिरकी राहिली ती राहिलीच. कोपऱ्यात त्यांनी दोन गाठी मारल्या, जरा जास्तच जोर लावून. “या कापशील तर याद राख!”

तो चौकोन पांघरुणात लागला, गाठींसकट. पण आधीच्या पांघरुणांत मावशींचा एकही चौकोन नव्हता, आणि ते आता काही केल्या बदलणार नव्हतं. वॉर्डात जुनं पांघरूण दिसलं की चेकरबाईंची मान आजही खाली जाते.

काही दिवसांनी चेकरबाई चौकोन गोळा करत होत्या, तर मावशींनी चेकरबाईंच्याच हातचा एक चौकोन त्यांच्यापुढे सरकवला. त्यावर लाल लोकरीचा तुकडा बांधलेला होता.

“हा माझा आहे मावशी, तुमचा नाही,” चेकरबाई म्हणाल्या.

“तुझाच आहे. म्हणून तर तुला परत दिला. टाका सुटलाय तिथे. सांगितलं तर वाईट वाटेल का तुला?”

चेकरबाईंनी चौकोन चष्म्याजवळ नेला. दिसेना. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. लाल तुकड्याच्या बाजूलाच एक छोटंसं भोक होतं.

उतारवयात हात रिकामे राहू नयेत म्हणून आपण आपल्या माणसांना काहीतरी ‘करायला’ देतो, आणि ते झालं की पाठीमागे पुन्हा करून टाकतो. याला आपण काळजी म्हणतो. वाचकहो, काळजी असेल तर चूक त्यांच्या तोंडावर सांगा. वाईट वाटेल, भांडण होईल, कदाचित दोन दिवस अबोला राहील. पण काम त्यांचं राहील!

चेकरबाईंचा चेहरा शरमेने तापला होता, आणि तरीही त्यांना हसू येत होतं. खुर्ची ओढून त्या मावशींच्या शेजारी बसल्या आणि स्वतःचा चौकोन स्वतः उसवायला लागल्या.